रुमालाखालचा भाव

माझ्या उजव्या भुवईवर लोखंडी वजनाचा व्रण आहे. तो साडूने दिला. त्याचे पुढचे दोन दात नाहीत, ते मी पाडले. वेबसाइटवर गिऱ्हाईक टिकेना, त्यावरून हे झालं.

मी मिरचीचा व्यापारी. नंदुरबारबाहेर माझी पथारी आहे, म्हणजे ओली मिरची पसरून वाळवायची मोकळी जागा. पोती उचलत इथवर आलो. भाव करायला शिकलो सारंगखेड्याच्या घोडेबाजारात. तिथे दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा आणि बोटं दाबून आकडा सांगायचा. शेजारी उभ्या असलेल्याला पत्ता लागत नाही. एकदा एका दलालाने रुमालाखाली माझं बोट असं पिरगाळलं की नख काळंनिळं झालं. मी हसत उभा राहिलो. आकडा सोडला नाही.

गेल्या हंगामात घाऊक व्यापाऱ्यांनी एकी करून माझा माल पाडून मागितला. मी एकाची कॉलर धरून त्याला पोत्यांवर आपटलं. मग कोणीच फिरकेना. उन्हाळा सरायच्या आत माल गेला नाही तर मिरचीचा रंग उतरणार आणि मी परत हमाल होणार, हे मला दिसत होतं.

साडूचं शहाद्याला कॉम्प्युटरचं दुकान आहे. त्याने वेबसाइट काढून दिली. पथारीचे व्हिडिओ टाकले, नकाशावर जागा दाखवली. भावाच्या जागी मी लिहायला लावलं, भावासाठी फोन करा.

फोन वाजलाच नाही. साडू रोज मोबाइल माझ्या नाकापुढे धरायचा. माणसं येतात, फोटो बघतात, त्या एका ओळीपाशी पोचतात आणि निघून जातात.

"साडूभाऊ, तू भाव दपाडस, म्हनीसन लोके पळतस," तो म्हणाला.

भाव लपवतो म्हणूनच आजवर जगलो, असं मी त्याला सुनावलं. माणसं टिकवायचं काम तुझं, ते तुला जमत नाही, हेही ऐकवलं.

चार दिवसांनी, मी ज्याची कॉलर धरली होती तोच व्यापारी पथारीवर आला. हातात मोबाइल, त्यावर माझी वेबसाइट आणि माझा भाव, किलोच्या हिशेबात, ठळक अक्षरांत.

"आते काय दपाडस? पुरी दुनियाले मालूम शे," तो दात काढून म्हणाला.

साडू गोदामात फोटो काढत होता. मी काही विचारलं नाही. पहिला ठोसा तोंडावर दिला. तो पोत्यावर पडला, पोतं फाटलं. उठता उठता त्याच्या हाताला काट्यावरचं वजन लागलं आणि माझी भुवई फुटली. मग आम्ही मिरच्यांतच लोळलो. मी त्याचं डोकं मिरच्यांत दाबलं, त्याने माझ्या जखमेत मूठभर मिरची चोळली. ती आग अजून आठवते. खकाणा इतका उडाला की सोडवायला आलेले हमाल खोकत बाहेर पळाले. आम्ही दोघंही आंधळे झालो आणि हवेत हात मारत राहिलो.

तेवढ्यात माझा फोन वाजला. कोल्हापूरहून एक बाई बोलत होत्या. मसाल्यासाठी मिरची हवी होती. मी नाक पुसत सवयीने म्हणालो, भावाचं बोलून घेऊ.

"लिहिलाय ना वेबसाइटवर? मग त्याच भावाने पाठवा," त्या म्हणाल्या.

घासाघीस नाही, काही नाही. माझ्याशी इतकं सरळ आजवर कोणी बोललं नव्हतं, आणि मला ते अपमानासारखं लागलं. साडू जमिनीवर बसून रक्त थुंकत हसत होता.

माल रंग उतरायच्या आत गेला. वेबसाइटवर माणसं येतात, थांबतात, घेतात. तरी मला न विचारता माझा भाव चव्हाट्यावर टाकणाऱ्याला मी माफ केलेलं नाही. आम्ही बोलत नाही. तो सकाळी येतो, समोर बसतो. मी हातांवर रुमाल टाकतो आणि आजचा भाव त्याच्या बोटांवर दाबतो, हाड कुरकुरेल इतका जोरात. तोही दाबतो. मग रुमाल झटकून तो आकडा मोबाइलवर टाकतो.