ब्याण्णव टक्के योग्य बाई

आमच्या आत्याने आयुष्यात कुणाची भीड ठेवली नाही, गिऱ्हाइकाची तर मुळीच नाही. सव्वीस वर्षं तिचं ड्रायक्लीनचं दुकान एकाच रस्त्यावर आहे. पाटीवर धुलाई आणि इस्त्रीही लिहिलंय, पण लोक येतात ते डाग काढायला. आत्या कपडा टेबलावर पसरते, खिडकीच्या उजेडात धरते, डागाला नाक लावते आणि मग गिऱ्हाइकाकडे बघून विचारते, "कशाचा?" उत्तर खरं वाटलं नाही तर कपडा घडी घालून परत. डॉक्टरकडे जाऊन पोटदुखीला डोकेदुखी म्हणता का, असं वर ऐकवते ते वेगळंच.

तिची मुलगी, म्हणजे माझी ताई, आठ वर्षं त्याच दुकानात काउंटरवर उभी आहे. ताईचा स्वभाव आईच्या अगदी उलटा. तिने एकदा हौसेने रंगीत चिठ्ठ्या आणल्या, प्रत्येक कपड्याला नंबर लावायला सुरुवात केली. आत्याने संध्याकाळपर्यंत सगळ्या काढून टाकल्या. "मला प्रत्येक कपडा तोंडओळखीने माहीत आहे," म्हणाली. खरंच माहीत असतो, हीच तर अडचण. ताई काही बोलली नाही. ती बोलतच नाही, असं आम्ही सगळे समजून चाललो होतो.

गेल्या वर्षी रस्त्याच्या दोन्ही टोकांना उंच इमारती झाल्या. तिथल्या लोकांना वेळ नाही आणि आत्याची बोलणी खायची तर मुळीच हौस नाही. गर्दी रोडावली. तेव्हा आगाऊपणा मीच केला. एका कंपनीची जाहिरात आत्यासमोर धरली: गावोगाव एकसारखी दुकानं, एकसारखी यंत्रं, एकसारखे निळे ॲप्रन. दुकान आपण चालवायचं, नाव आणि पद्धत त्यांची. फ्रँचायझी.

"म्हणजे हात माझे आणि नाव त्यांचं," आत्या म्हणाली. "उलटं का नाही चालत?"

तरी तिने जाहिरात फाडली नाही, याचं मला नवल वाटलं. चार दिवसांनी कंपनीचा माणूस आला. गळ्यात टाय, बोलणं लोण्यासारखं. आम्ही त्याला टायवाला म्हणू लागलो. तो म्हणाला की या रस्त्यावर त्यांचं दुकान येणार हे नक्की आहे. आत्याने घेतलं तर तिचं, नाही घेतलं तर दुसऱ्या कुणाचं. विचार करायला एक महिना. आत्याचं दुकान, टेबल, पाटी, सगळंच त्या एका सहीवर येऊन ठेपलं.

"पण आधी आम्ही पाहतो की माणसाचा स्वभाव या धंद्याला जुळतो का," टायवाला म्हणाला. "चाळीस प्रश्न आहेत. मोबाइलवर भरायचे."

आत्याचे हात कोपरापर्यंत साबणात होते. "ताई, भर गं तू. माझा स्वभाव तुझ्याशिवाय कुणाला माहीत?"

ताई स्टुलावर बसली आणि दहा मिनिटांत चाळीस उत्तरं देऊन मोकळी झाली. आठवड्याने निकाल आला: ब्याण्णव टक्के योग्य. आत्या भलतीच खूश झाली. शाळेत तिला कधी बेचाळीसच्या वर पडले नव्हते. शेजारच्या चष्मेवाल्याला तिने स्वतः जाऊन सांगितलं, आणि त्याने मान डोलावताना जो चेहरा केला तो तिने पाहिला नाही म्हणून तो वाचला.

मग तीन दिवसांची चाचणी. कंपनीच्या एका चालत्या दुकानात जाऊन काम करायचं, सोबत एक माणूस न्यायचा. आत्याने ताईला नेलं. मी सुट्टी काढून तमाशा बघायला गेले, खोटं कशाला बोलू.

पहिला दिवस बरा गेला. ॲप्रन आत्याला घट्ट झाला एवढंच. दुसऱ्या दिवशी दुपारी एक गृहस्थ कोट घेऊन आले. पन्नाशीचे, डोक्यावर एकही पांढरा केस नाही. कोटाच्या कॉलरला काळपट डाग.

"चहा सांडला," गृहस्थ म्हणाले.

पडद्यावर चहाचं बटण होतं. ते दाबायचं, चिठ्ठी लावायची, कोट पिशवीत टाकायचा. आत्याने कोट उचलला आणि नाकाला लावला.

"हा चहा नाही. केसांचा कलप आहे."

मागे पाच माणसं रांगेत होती. एक बाई फिसकन हसली. गृहस्थांचे कान लाल झाले.

"अहो, चहाच आहे."

"चहा कॉलरच्या मागे कसा सांडेल? डोक्यावर ओतून घेता का? चहा म्हणून धुतला तर डाग पक्का बसेल. कोट तुमचा जाईल, माझा नाही."

गृहस्थ कोट ओढून घेऊन निघालेच होते. तेवढ्यात ताई काउंटरच्या बाहेर गेली. तिने त्यांना बाजूच्या खुर्चीवर बसवलं, हळू आवाजात दोन वाक्यं बोलली आणि फॉर्मवर काहीतरी लिहिलं. पाच मिनिटांनी गृहस्थ कोट ठेवून, तिला दोनदा धन्यवाद देऊन गेले. मी नंतर फॉर्म पाहिला. यादीत सगळ्यात खाली एक ओळ होती, ती कुणी वाचत नसावं: 'डागाचा प्रकार ठरलेला नाही, आधी तपासावा.' ताईने तिच्यापुढे बरोबरची खूण केली होती. कलप हा शब्द कुठेच नव्हता आणि कोट मात्र योग्य टेबलावर गेला होता.

टायवाल्याने आत्याला आत बोलावलं. "मॅडम, ग्राहकाला कारण विचारायचं नाही. तो सांगेल ते लिहायचं."

"आणि कपडा बिघडला तर?"

"पावतीच्या मागे सगळ्या अटी छापलेल्या आहेत."

"म्हणजे बिघडणार हे तुम्हाला छापतानाच माहीत होतं," आत्या म्हणाली. तिसऱ्या दिवशी तिने एकालाही "कशाचा?" विचारलं नाही. सव्वीस वर्षांत प्रथमच.

मला वाटलं प्रकरण मिटलं. पण नाही. टायवाला करार घेऊन दुकानात आला, सोबत त्या चाळीस प्रश्नांची छापील प्रत. म्हणाला, थोड्या सवयी बदलाव्या लागतील, पण मूळ स्वभाव उत्तम आहे, हे कागदच सांगतात. आत्याने हात पुसले आणि कागद माझ्याकडे सरकवले.

"वाच. मोठ्याने."

मी वाचलं. चिडलेल्या ग्राहकाशी मी शांतपणे बोलते: नेहमी. वेगळी पद्धत सुचली तरी ठरलेली पद्धत पाळते: नेहमी. रोज तेच काम त्याच क्रमाने करायला मला आवडतं: नेहमी. माझ्या चुका दुसऱ्याने दाखवल्या तर मला राग येतो: कधीच नाही. इथे चष्मेवाला, जो सुट्टे पैसे मागायच्या निमित्ताने येऊन उभा होता, तो खोकत बाहेर गेला.

आत्या हसली नाही. "ही बाई कोण आहे?" ती म्हणाली. मग ताईकडे वळली. "हिला मी ओळखते. रोज माझ्या शेजारी उभी असते."

"मी तुझं म्हणूनच भरलं गं," ताई म्हणाली.

"माझं? माझं असतं तर नापास झाले असते."

"मला वाटलं, भरताना जरा बरं दिसावं." ताईने ओठ चावला, आणि मग आठ वर्षांचं एकदम बाहेर आलं. "आई, मला रोज सकाळी आल्यावर काय करायचं ते माहीत असलेलं आवडतं. चिठ्ठी लावलेली आवडते. यादी आवडते. तू कपडे तोंडओळखीने ठेवतेस आणि तू आजारी पडलीस की मी शंभर कपड्यांसमोर रडत बसते. ते तीन दिवस मला इतके बरे गेले की परत यावंसं वाटेना. तू मला कधी विचारलंस? गावाला विचारतेस, कशाचा डाग, कशाचा डाग. मला एकदा तरी?"

मला आत्याची दया आली, आणि ताईचा अभिमान वाटला, आणि माझ्या आगाऊपणाची लाज वाटली. आत्या टेबलाला टेकून उभी राहिली. ती ओरडेल असं आम्हा तिघांनाही वाटलं.

"नाही विचारलं," ती म्हणाली. मग टायवाल्याकडे बघून, "तुम्हाला नियम पाळणारी बाई हवी आहे ना? ती ही. ब्याण्णव टक्के हिचेच आहेत. नाव बदलून घ्या."

"पण मॅडम, दुकान तर तुमचं..."

"दुकान मिळणार नाही. जागा दुसरी बघा. हिच्या वाटणीचं जे काही आहे ते मी हिला देते."

टायवाल्याने पेन बंद केलं. आता त्याच्या बोलण्यातलं लोणी संपलं होतं. "स्पष्ट सांगतो. या रस्त्यावर दोन दुकानं चालणार नाहीत. वर्षभरात तुमचं बंद पडेल. आणि पाडणार तुमचीच मुलगी."

"पडू दे की," आत्या म्हणाली. "पडेपर्यंत माझं असेल. तुमच्या पाटीखाली मी शंभर वर्षं चालवलं असतं तरी एक दिवससुद्धा माझं नसतं. तुमचे नियम वाईट नाहीत हो. त्या दिवशी हिने तो कोट वाचवला आणि त्या माणसाची अब्रूही वाचवली, मी डोळ्यांनी पाहिलं. पण मला ते जमणार नाही आणि मला जमवून घ्यायचंही नाही. मी अशीच आहे. उठा आता, टेबल मोकळं करा, माझा रेशमी कपडा वाळतोय."

कोपऱ्यावरच्या बंद पडलेल्या बुटांच्या दुकानात तीन महिन्यांनी कंपनीची पाटी लागली. उद्घाटनाच्या सकाळी आत्या मला घेऊन गेली. पुढे जायला कुणी वाट दिली तर ती नको म्हणाली आणि रांगेत उभी राहिली. हातात आतोबांचा जुना स्वेटर, स्वच्छ धुतलेला. डाग एकही नव्हता.

ताई निळ्या ॲप्रनमध्ये काउंटरमागे उभी होती. पाठ ताठ, केस घट्ट बांधलेले, शेजारी रंगांप्रमाणे लावलेल्या चिठ्ठ्या. नंबर आल्यावर तिने आईकडे पाहिलं आणि इतरांना विचारत होती तेच, त्याच आवाजात विचारलं, "नमस्कार. आज आपली काय सेवा करू?"

आत्याने स्वेटर पुढे केला. ताईने तो उलटसुलट पाहिला. तिला सगळं कळलं असणार, पण तिने काही विचारलं नाही. चिठ्ठी लावली, पावती दिली आणि तोंडभर हसून म्हणाली, "गुरुवारी मिळेल. पुन्हा या."

बाहेर आल्यावर आत्याने पावती नीट घडी घालून ब्लाऊजमध्ये ठेवली. डोळे भरले होते, आणि ते लपवायची तसदी तिने घेतली नाही.

"माझ्या दुकानात एकदाही अशी हसली नाही गं ती," आत्या म्हणाली. "एकदाही नाही." मग पदराने तोंड पुसलं आणि तरातरा चालायला लागली. "चल लवकर. माझं दुकान अजून उघडायचंय."