जित्या माणसाची घागर

मला बाप पहिल्यांदा दाखवला गेला तो मातीच्या घागरीत. आखाजीचा, म्हणजे अक्षय्यतृतीयेचा दिवस होता. देवापुढे पाण्याने भरलेल्या तीन घागरी मांडल्या होत्या, प्रत्येकीच्या तोंडावर खरबूज, आंबा आणि सांजोरी. पहिली पणजोबांची, दुसरी आजोबांची. तिसरीकडे बोट करून आजी म्हणाली, "हाऊ तुन्हा नाना. पाय पड." मी पाया पडले. तेवढ्याशा पोरीला काय कळणार? बाप गोल असतो आणि त्याच्या डोक्यावर आंबा असतो, एवढं मी त्या दिवशी शिकले.

आमच्या खानदेशात आखाजीला घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावाने घागर भरतात, भर उन्हाळ्यात त्यांचा जीव तहानलेला राहू नये म्हणून. पण नाना गेलेले नव्हते. मी मायच्या पोटात असताना ते पहिल्या महायुद्धात पलटणीबरोबर बसऱ्याकडे लढाईवर गेले, आणि पुढे त्यांची काही खबरच येईना. एक-दोन उन्हाळे वाट पाहून आजीने त्यांची घागर भरली. मायचं कुंकू मात्र तिने पुसू दिलं नाही. पोरगा परत आला तर सून सवाष्ण असलेली बरी, नाही आला तर त्याला पाणी मिळालेलं बरं, अशी म्हातारीने दोन्हीकडची तयारी करून ठेवली. थोरले काका, ज्यांना आम्ही आबा म्हणायचो, त्यांचा घरात शब्द चालायचा. त्यांनीही हरकत घेतली नाही.

लढाई संपली आणि एका दुपारी नाना अमळनेर स्टेशनावरून चालत गावात आले. आजी त्यांचे दंड चाचपत राहिली. मी कणगीमागे लपले. हा काळा, उंच माणूस आणि ती घागर यांचा मेळ मला काही केल्या बसेना.

पुढच्या आखाजीला आजीने परत तीन घागरी भरल्या. नाना हसायला लागले, म्हणाले, "माय, मी जित्ता शे ना?" आजी हसली नाही. "एकदा भरेल घागर बंद करतस नही, बेटा. तुले काही व्हयनं तर?" तिला खरोखर भीती वाटत होती. पाणी थांबवलं की देव पोराला खरंच नेऊन हिशोब पुरा करेल, असं काहीतरी तिच्या डोक्यात बसलं होतं. नाना उठले, घागरीवरचं खरबूज काढून माझ्या हातात दिलं आणि घागर तोंडाला लावली. "मन्हं पानी शे ना? मंग मीच पेस." सगळं घर हसलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची वाकळ घडी करून ठेवलेली होती आणि ते जळगावला निघून गेले होते, कुठल्याशा जिनिंगचं इंजिन बंद पडलं होतं म्हणून. परत आले ते कापूस वेचणीला.

तेव्हापासून हे दरसाल ठरून गेलं. आखाजी आली की घागर, घागर झाली की नाना गायब. वर्षातून चार-दोनदा उगवायचे, पंधरा दिवस टिकायचे. माझ्या मनाने पक्कं घेतलं की त्या घागरीनेच त्यांना घराबाहेर काढलं. ज्या घरात आपल्या नावाने मेलेल्यांच्या रांगेत पाणी ठेवतात तिथे कोणाचं मन रमेल? आजीवर माझा भारी राग होता. घागर फोडायचं मी अनेकदा ठरवलं, पण हिंमत झाली नाही.

नाना असतील तेवढे दिवस मात्र घर कसं भरून जायचं. लढाईवर ते खेचरांच्या गाड्या हाकायला गेले होते, येताना मोटारीचं इंजिन, इंग्रजी शिवण आणि क्लॅरिनेट शिकून आले. निखळलेला खांदा बसवायचे. दुकानांच्या पाट्या रंगवायचे. गावच्या बँडमध्ये ते वाजवायला लागले की बाकीचे हात थांबवून ऐकत बसायचे. पण कुठलंही काम शेवटाला नेतील तर शपथ. माझ्या एका पोलक्याला वर्षभर एकच बाही होती. दाराला निळा रंग कमरेपर्यंत लागला, वरचं लाकूड तसंच. हातात पाना असताना त्यांचा पाय हलत असायचा, जेवतानाही हलायचा. माय भाकरी वाढता वाढता त्या पायाकडे बघायची. पाय जोरात हलायला लागला की आता हे निघणार, हे ती ओळखायची.

माझ्या लग्नात वाजंत्र्याचा सूर त्यांना पटला नाही. त्याला बाजूला सारून ते स्वतःच वाजवायला बसले आणि असे रंगले की कन्यादानाला मुलीचा बाप सापडेना. आबा शोधत गेले तर हे गाल फुगवून, डोळे मिटून बसलेले. सासरच्यांनी नंतर कितीतरी वर्षं मला त्यावरून चिडवलं. मी वरवर हसायचे. मला एवढंच वाटायचं, आपण माहेरी जावं आणि नाना ओसरीवर बसलेले दिसावेत. इतर मुलींना जे फुकटात मिळतं ते मला एकदाही मिळालं नव्हतं.

दुसरी लढाई सुरू असताना आजी वारली. त्या आखाजीला मी माहेरी आले होते. आता घागरी मांडायचा मान मायकडे आला. नाना घरात होते, पण त्यांची पिशवी दाराशी भरलेली होती. धुळ्याला त्यांनी एक खोली घेतली होती, तिकडे निघायची घाई चालली होती. पाय हलत होता.

मायने पणजोबांची घागर मांडली, आजोबांची मांडली, आजीची मांडली. चौथी तिने रिकामीच भिंतीशी उपडी ठेवली. आबा ओसरीवर होते. धाकट्या भावाच्या बायकोशी थोरल्या दिराने थेट बोलायचं नाही, ही आमच्याकडची रीत, म्हणून ते मला म्हणाले, "पोरी, तुन्ही मायले सांग, एक ऱ्हायनी." सांगायची गरजच नव्हती, माय चार हातांवर उभी होती. तिने पदर पुढे ओढला आणि तीही मलाच म्हणाली, पण सगळ्या घराला ऐकू जाईल अशी, "तुन्हा आबासले सांग, जित्ता मानूसनी घागर मी भरस नही."

मला वाटलं, झालं, सुटला बाप. आता राहतील घरी.

नानांनी पिशवी उचलली.

मला इतका संताप आला की रडूच फुटलं. मी त्यांच्यासमोर जाऊन विचारलं, "नाना, आते काय व्हयनं? आते तर घागर बी नही." ते गोंधळून माझ्याकडे बघायला लागले. "घागरनं काय बेटा?" ते म्हणाले. "लढाईमा रोज तंबू उखाडाना पडे. एक जागावर ऱ्हायनू का माले घाबरं व्हस." एवढंच. इतकी वर्षं मी ज्या मडक्याचा राग केला त्याचा बिचाऱ्याचा काही संबंधच नव्हता.

माय आतून आली. तिच्या काखेत गाठोडं होतं. "मी बी येस," ती म्हणाली. थोरल्या दिरासमोर, भर सणाच्या दिवशी.

नाना म्हणाले, "धुयाले एकच खोली शे."

"मंग केर बी एकच खोलीना काढाना पडी."

माहेरी आलेल्या लेकीला निरोप द्यायला आई उंबऱ्यात उभी राहते. इथे उंबऱ्यात मी उभी होते आणि आई निघाली होती. बाहेर मुली झोक्यावर आखाजीची गाणी म्हणत होत्या. मायने एकदाही मागे वळून पाहिलं नाही, याचा मला राग आला. नाना पुढे लांब ढांगा टाकत होते आणि ती त्यांच्या मागे जवळजवळ पळत होती.

पुढच्या आखाजीला मी सर्व्हिस मोटारीने धुळ्याला गेले. म्हटलं, खोली तर खोली, दोघं एका जागी सापडतील. दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, "दोन्ही जन नंदुरबारले गयात. कोन्हं तरी इंजिन बंद पडनं."

"माय तठे काय करस?"

"तिना हात बारीक शेतस ना, मशीनमा जातस. नाना तिलेच सांगतस, आठे धर, तठे धर." शेजारणीला त्याचं मोठं कौतुक होतं.

मी पायरीवर बसले. राग काढायलाही कोणी उरलं नव्हतं. ऊन उतरलं तशी गल्लीत माणसांची ये-जा वाढली आणि प्रत्येक पावलाला माझी मान आपोआप वर जायला लागली. लांबून कोणी उंच दिसला की मी उठायचे, जवळ आला की दुसराच निघायचा. आमच्या ओसरीवर ज्वारी निवडताना माय अशीच मान वर करायची, माझं सगळं बालपणभर. ती ओसरी सोडून जाताना मी तिला पाहिलं होतं, आणि मला तेव्हा तिचा रागच आला होता.