तुळईत गेलेलं दाभण

लग्नानंतर पाच वर्षांनी जळगावात घर घ्यायचं ठरलं. आमचे हे शाळेत गणित शिकवायचे. एक घर त्यांना पाहताक्षणी आवडलं. भिंतींना नवा चुना, दारांना निळा रंग, अंगणात लिंबू. मी म्हटलं, "अहो, एखाद्या गवंड्याला दाखवू या." तर म्हणाले, "मला काय डोळे नाहीत?"

मग मी जरा लबाडी केली. माझ्या माहेरी, यावलला, एक म्हातारे गवंडी होते. गाव त्यांना आबा म्हणे. त्यांना बोलावून घेतलं आणि घरमालकापुढे उभं केलं. "हे माझे मामा. सहज आलेत." ह्यांनी डोळे वटारले, पण परक्यासमोर बोलतात कसे?

आबांनी प्यायला पाणी मागितलं. दोन घोट घेऊन उरलेलं चुकून सांडल्यासारखं फरशीवर ओतलं. पाणी मोरीकडे जायचं सोडून भिंतीकडे धावलं. तिथे देवाची भलीमोठी तसबीर होती.

"जरा खाली घ्या, डोकं टेकवतो," आबा म्हणाले.

"तिथूनच नमस्कार करा की!" मालक घाईघाईने म्हणाला. तोवर आबांनी तसबीर उचललीसुद्धा. मागे हात जाईल एवढी भेग!

आता मामांना राहवेना. खिशातून पोती शिवायचं दाभण काढून ते स्टुलावर चढले आणि छताच्या तुळईत खुपसलं. केळीच्या खांबात जावं तसं ते पार आत गेलं. भुसा मालकाच्या टोपीवर पडला.

"भाऊ, हाई लाकूड नही शे, बठ्ठा भुसा शे!" आबा वरूनच गावच्या बोलीत म्हणाले, म्हणजे सगळा भुसाच.

मी तोंडात पदर कोंबला.

"तुमचे मामा करतात तरी काय?" मालकाने विचारलं.

"घरं बांधतात," मी म्हटलं. आता लपवून काय उपयोग?

आम्ही गल्लीच्या टोकाशी पोचतो तोच मालक मागून धावत आला. मला वाटलं, आता शिव्या. पण त्याने आबांचा हात धरला.

"आबा, हे विकून मी पिंप्राळ्याला एक घर घेणार होतो. तेवढं बघता का? अन् दाभण आणाच!"

आबांनी तेही घर नापास केलं. मालकाने मग स्वतःच्याच घराची भिंत सांधून तुळई बदलून घेतली आणि तिथेच राहिला. आम्हाला आबांनी तिसरंच घर पसंत करून दिलं. भिंती काळ्याकुट्ट, दारात उकिरडा, पण तुळईत दाभणाचं टोकही शिरेना. पहिला महिनाभर आम्ही दोघं नुसते झाडतच होतो.