मळखाऊ रेनकोट

एका रेनकोटाने माझी मोठी जाऊ गिळली होती असं मी सांगते, तेव्हा लोक हसतात. हसा. आमच्या भांडुपच्या घरात माझी ख्यातीच अशी आहे की पाव किलो मिरच्या आणल्या म्हटलं तरी नवरा पिशवी हातात घेऊन वजनाचा अंदाज घेतो. डासाचं वटवाघूळ करायला मला दोन वाक्यं पुरतात. पण या गोष्टीत मी काही वाढवलेलं नाही. वाढवायला जागाच नव्हती.

सुरुवात माझ्या गुडघ्यांपासून झाली. डॉक्टर म्हणाले, चाला. मी मुलुंडच्या एका बाईंच्या गटात नाव घातलं. या बाई म्हणजे शाळेत आयुष्यभर पीटी शिकवून निवृत्त झालेल्या, आवाज असा की मुलुंडला ‘सावधान’ म्हणाल्या तर घाटकोपरला माणसं टाचा जुळवतील. दर रविवारी त्या आम्हा पंचेचाळिशीच्या पुढच्या बायकांना कुठल्यातरी चढावर नेत. हे कांदिवलीला माझ्या मोठ्या जावेला कळलं आणि झालं. आमच्या घरात कुठलीही गोष्ट आधी वैनी करणार आणि मग मी, हा नियम. गॅसची शेगडी तिने आधी घेतली, मोतीबिंदू तिने आधी काढला. डोंगर मी आधी चढते म्हणजे काय? पुढच्या रविवारी मीही येणार, तिने फोनवर जाहीर केलं. फक्त त्याआधी दोघींना रेनकोट घ्यायचे, आणि ते ती निवडणार.

मुलुंड स्टेशनजवळ डोंगरात जाणाऱ्यांच्या सामानाचं एक दुकान आहे. दुकानदाराने काउंटरवर रंगांची जत्रा मांडली. केशरी, पोपटी, पिवळाजर्द असा की बघून डोळ्यांत हळद गेल्यासारखं वाटावं. कापड आतला घाम बाहेर सोडतं, शिवणींवर आतून पट्टी मारलीय, टोपी दोरीने आवळता येते म्हणजे मान वळवली की टोपीही वळते, हे सगळं त्याने सांगितलं. धुक्यात माणूस दिसला पाहिजे, म्हणून भडक रंग घ्या, असंही म्हणाला. पण सगळे विक्रेते आपल्याकडचा महाग माल दाखवताना असंच बोलतात, त्यामुळे आम्ही ते कानामागे टाकलं.

वैनीने केशरी कोट दोन बोटांनी उचलला. “ह्यो घालून मी गॅसचो सिलिंडर दिसतलंय.”

तिचे रेनकोटाचे नियम आमच्या सासूने घालून दिलेले. सासूचे नियम तिच्या सासूने. पहिला नियम, रंग मळखाऊ हवा. चिखल उडाला तरी कळता कामा नये, धुवायला लागता कामा नये. आमच्या घरातले पडदे मळखाऊ, चादरी मळखाऊ, माझ्या लग्नातला शालूसुद्धा मळखाऊ होता असं मी म्हणते आणि नवरा चिडतो. दुसरा नियम, वाढत्या अंगाचा हवा. साठीला टेकलेल्या बाईचं अंग कुठल्या दिशेने वाढणार होतं, हे मी विचारलं नाही. तिने सगळ्यात मागच्या कपाटातून एक मातकट कोट काढायला लावला. ओल्या दगडाचा रंग. दोन मापं मोठा, घोट्यापर्यंत पोचणारा, टोपी नाकापर्यंत उतरणारी. तसाच एक माझ्यासाठी. घरी जाऊन टोपीची दोरी लोंबते म्हणून तिने कात्रीने कापूनही टाकली. दुसऱ्या दिवशी मला फोन करून माझीही कापायला लावली.

तो रविवार ऑगस्टमधला होता. मुलुंड पश्चिमेला इमारती संपतात तिथे डोंगर सुरू होतो. संपतात म्हणजे कशा, शेवटच्या सोसायटीचा माणूस बाल्कनीतून हात लांब करून रानातली पानं तोडेल इतक्या जवळ. त्याच आठवड्यात त्या सोसायटीच्या कॅमेऱ्यात बिबट्या चालताना दिसला होता, आणि गेटवर झोपणारं पिवळं कुत्रं तेव्हापासून कोणाला दिसलं नव्हतं. वॉचमनने हे आम्हाला स्वतःहून सांगितलं. बाईंनी जायची परवानगी वगैरे रीतसर काढली होती, त्यांनी नुसती मान डोलावली.

वस्तीतली दोन कुत्री आमच्यामागून आली. बिस्किटांसाठी येत असतील असं वाटलं. पायवाट जिथे झाडीत शिरते तिथे ती थांबली. मी बिस्किट पुढे धरलं, चुचकारलं. बिस्किटाला नाही म्हणणारं कुत्रं मी भांडुप ते बोरिवली कुठे पाहिलेलं नाही. ती दोघं बिस्किटाकडे न बघता आमच्या पलीकडे, वरच्या बाजूला बघत राहिली. मग शेपट्या पायांत घालून वळली.

पाऊस सुरू होताच कोटाचा खरा स्वभाव कळला. टोपीवर थेंब पडले की पत्र्याच्या शेडखाली बसल्यासारखा आवाज. शेजारची बाई बोलते ते कळेना, मान वळवली तर टोपीच्या आतली शिवण दिसायची. घाम बाहेर जायचं तर नावच नाही, आत वरण शिजत होतं. वैनीच्या कोटाचा घेर पायात येत होता. दोनदा ती पडता पडता वाचली. बऱ्याच वर गेल्यावर ती एका बाजूला थांबली आणि म्हणाली, “तुमी व्हा फुडे. मी ह्येका वर खोचतंय नि येतंय.” मी थांबते म्हटलं तर डोळे वटारले. सासरी पहिल्या दिवसापासून ते डोळे मला ओळखीचे, मी निघाले.

वळण घेतलं आणि ढग उतरला.

धुकं म्हटलं की लोकांना पांढरं, मऊ काहीतरी आठवतं. हे तसं नव्हतं. राखाडी, ओलं, आणि त्याला वास होता, बंद विहिरीसारखा. हात लांब केला तर बोटं दिसेनात. बाईंनी लगेच सगळ्यांना एका सपाटीवर एकमेकींचे हात धरून बसवलं. वैनी आली नव्हती. थोडा वेळ वाट पाहिली, मग बाई आणि मी मागे निघालो.

ती थांबली होती ती जागा आम्हाला सापडली. तिच्या काठीने मातीत केलेलं भोक होतं, त्यात पाणी भरत होतं. वैनी नव्हती. बाईंनी शिट्टी फुंकली, पावसाने ती ओठांपाशीच विझवली. बाई “काकू” म्हणून एक हाक मारून चार पावलं पुढे जायच्या, मी “वैनी” म्हणून एक हाक मारून चार पावलं दुसरीकडे. उत्तर नाही. त्या पायवाटेच्या डाव्या अंगाला जमीन संपते. खाली झाडांचे शेंडे असतात, एरवी ते दिसतात. तेव्हा काहीच दिसत नव्हतं, फक्त खालून पाणी पडल्याचा आवाज येत होता. बाईंनी काठावर गुडघे टेकून खाली बघितलं. ज्या बाईंचा आवाज घाटकोपरला जातो म्हणून मी सांगत फिरते, त्यांचे ओठ नुसते हलत होते. मग त्यांनी मला विचारलं, कोटाचा रंग कोणता म्हणालात? मी स्वतःच्या अंगावरचा दाखवला. त्यांनी तो बघितला, मागच्या कातळाकडे बघितलं, आणि नजर खाली केली. आम्ही पुन्हा हाका मारत फिरलो. एक इथे, एक तिथे.

मग मला गावचं घर आठवलं. लग्नानंतरची माझी पहिली चतुर्थी. तिन्हीसांजेला मागच्या परसातून कोणीतरी मला हाक मारली आणि मी ‘ओ’ म्हणायला तोंड उघडलं, तर वैनीचा तळवा माझ्या तोंडावर. पीठ लागलेला, ओला. तीन हाका झाल्याशिवाय ओ द्यायची नाही, तिने कानात सांगितलं होतं. माणूस तीनदा हाक मारतो. दुसरं जे असतं ते दोनदाच मारतं, आणि आपण ओ दिली की आपल्याला घेऊन जातं. त्या दिवशी तिसरी हाक आली नव्हती.

मी बाईंना धरून थांबवलं. हलायचं नाही, एकाच जागी उभं राहून मला तीनदा हाक मारू द्या, म्हटलं. बाईंना वाटलं मी आता बरळायला लागले. सांगत बसायला वेळ नव्हता. मी टोपी मागे टाकली, पाऊस डोक्यावर घेतला आणि पोटातून ओरडले. वैनी. पाणी पडत होतं. वैनी. बाईंनी माझं मनगट घट्ट धरलं होतं. वैनी.

“ओ.”

इतक्या जवळून आली की बाई किंचाळल्या. माझ्या गुडघ्याच्या उंचीला, हाताच्या अंतरावर, जो ओला दगड मी एकदा टेकायला म्हणून चाचपणार होते, त्याने टोपी वर केली. आत वैनीचा चेहरा होता, निळसर पडलेला. घोट्यापर्यंतच्या त्या कोटात पाय पोटाशी घेऊन ती कातळाला चिकटून बसली होती. आम्ही तिच्यावरून किती वेळा गेलो असू, देव जाणे. एकदा तर बाईंची काठी तिच्या कोटाच्या टोकावर टेकली होती, ती म्हणाली. तिने आम्हाला पाहिलं होतं. चेहरे नसलेले, मातीच्या रंगाचे, एक हाक मारून धुक्यात विरणारे. त्यांना ओ कोण देईल?

बाईंना रडू आलं, मग राग आला, मग त्या बाकीच्यांना खाली उतरवायला पुढे गेल्या. आम्ही मागून यावं असं सांगून, आणि यावेळी दहा पावलांत.

मी वैनीला उठवलं. तिचं अंग थरथरत होतं. थंडीने, असं मी धरून चालले. कोटाचा घेर तिच्या कमरेला खोचत होते, तेव्हा तिने टोपी माझ्या कानाशी आणली.

“तिकडसून कोण हाक मारी होता?”

तिने बोट दाखवलं. डाव्या अंगाला. जिथे जमीन संपते.

मी म्हटलं, मीच. दरीतून आवाज उलटून येतो गं, दुसरं काय. खोटं बोलताना माझी जीभ आयुष्यात अडखळलेली नाही, तेव्हाही अडखळली नाही.

वैनीने मान हलवली. “तू वैनी म्हणतंस. ती काकू म्हणता. ता माझ्या माहेरच्या नावान हाक मारी होता.”

आमच्या घरात लग्नाच्या दिवशी नवरीचं नाव बदलतात. तांदळात नवं नाव लिहिलं की जुनं संपलं. वैनीचं जुनं नाव सासूला ठाऊक होतं, ती गेली. भाऊजींना, म्हणजे तिच्या नवऱ्याला ठाऊक होतं, तेही गेले. मला ते कोणी सांगितलं नाही, आजही मला माहीत नाही. त्या डोंगरावर ते नाव माहीत असलेलं माणूस ती एकटीच होती.

“किती वेळा?” मी विचारलं.

“दोनदा. तिसरी येवच्या आधी तुझी इली.”

मी तिच्या कोटाचं टोक मुठीत धरलं. दोन पावलं पुढे गेली की ती त्या राखाडीत पुसली जायची, हातात फक्त ओलं कापड उरायचं. इमारतींचे दिवे दिसेपर्यंत मी मूठ सोडली नाही, आणि डाव्या बाजूला बघितलं नाही.