आष्टीचा न झालेला बाजार

धर्मापुरीच्या भिवराबाईंचा आश्रुबा चार वर्षांनी मुंबईहून शिकून आला, तेव्हा त्याच्या पेटीत कपडे थोडे आणि गुंडाळलेले कागद जास्त होते. साल एकोणीसशे तेरा. इमारतीचे नकाशे काढायला शिकून आलेला तो त्या भागातला पहिलाच. लोक विचारत, म्हणजे नेमकं शिकलास काय? तो सांगे, घर जमिनीवर बांधायच्या आधी कागदावर बांधायचं. ऐकणारे मान डोलवत आणि दुसऱ्या विषयाकडे वळत.

त्याचं हे वेड लहानपणचं. गावातल्या जुन्या देवळाची मोजणी करायला एकदा सरकारी माणूस आला होता. तो दोन दिवसांत मोजून निघून गेला. आश्रुबानं मात्र पुढची दोन वर्षं सुतळी घेऊन तेच देऊळ खांबाखांबानं मोजलं आणि शाळेतल्या पाठकोऱ्या कागदांवर उतरवलं. ते कागद गावचे देशमुख मोहनराव यांच्या हाती पडले. मोहनरावांना चित्रातलं काही कळत नव्हतं, पण आपण रोज ज्या देवळात जातो ते कागदावर ओळखू येतं एवढं त्यांना दिसलं. त्यांनी पोराला बैलगाडीत घालून बीडला नेलं, कचेरीत आठ दिवस तळ दिला आणि निजाम सरकारचा वजीफा, म्हणजे शिष्यवृत्ती, मिळवून दिला.

वजीफ्याला अट होती. शिक्षण झालं की दहा वर्षं सरकार सांगेल तिथं नोकरी करायची आणि तसा करारनामा लिहून द्यायचा. करारनाम्याला जामीन लागे. आश्रुबाचा बाप नव्हता, चुलत्यांनी अंग काढून घेतलं. मोहनरावांनी सही केली. आश्रुबा तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. त्या वयात दहा वर्षं म्हणजे काय हे कुणाला कळतं?

मुंबईच्या वर्गात दरवर्षी एक इमारत योजून दाखवावी लागे. पहिल्या वर्षी त्यानं रस्त्याकडेची धर्मशाळा काढली. दुसऱ्या वर्षी समुद्रकाठचं वाचनालय काढायला सांगितलं. वाचनालय त्यानं तोवर आतून पाहिलंही नव्हतं. शेवटच्या वर्षी विषय ज्याचा त्यानं निवडायचा होता. बाकीच्यांनी नाटकगृहं काढली, एकानं राजवाडा काढला. आश्रुबानं आष्टीचा आठवडी बाजार काढला.

नगरची आगगाडी धरायला जाता-येता तो आष्टीवरून जाई. तापलेल्या काळ्या मातीत, डोक्यावर पदर नाहीतर पोतं घेऊन बसलेली माणसं त्यानं दर खेपेला पाहिली होती. त्यानं चौफेर लांब पडव्या काढल्या, दगडी खांबांवर तोललेल्या. छपरांचा उतार बाहेर न काढता आत घेतला. वर्षाकाठी जो काही पाऊस पडेल त्याचा थेंबन्‌थेंब पन्हळीतून मधल्या हौदात यावा आणि उन्हाळ्यात बाजाराला आलेल्या माणसाजनावरांनी तो प्यावा, अशी त्याची योजना होती.

आठवड्यातून दोनदा शिकवायला येणारे दिनशाजी नावाचे पारशी गृहस्थ होते. फोर्टात त्यांची स्वतःची नकाशांची कचेरी होती. ते या नकाशासमोर बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, माझ्याकडे तुझ्यासाठी एक टेबल आहे. आश्रुबानं करारनाम्याचं सांगितलं. त्यावर ते म्हणाले, रीतसर मागितलं तर सरकार सोडतंही; मी काही वर्षं वाट पाहीन. त्या दिवसापासून आश्रुबानं एका वहीत गावं लिहायला घेतली: परळीला शाळा, मोमिनाबादला दवाखाना, आष्टीला बाजार. आधी दिनशाजींच्या हाताखाली तयार व्हायचं आणि मग आपल्या कोरड्या मुलखासाठी बांधायचं, असा त्याचा बेत होता.

नेमणूक झाली ती आष्टीलाच. हुद्दा नक्शानवीस, म्हणजे नकाशे उतरवणारा. तहसिलीमागच्या दोन खोल्यांत बांधकामाची कचेरी होती आणि तिच्यावर हैदराबादहून आलेले एक मोहतमीम, म्हणजे मुख्य अधिकारी. माणूस सभ्य, हळू बोलणारा, पानाचा शौकीन. पहिल्याच दिवशी त्यांनी आश्रुबापुढे एक नकाशा ठेवला. निजामाचं राज्य संपून इंग्रजांचा नगर जिल्हा सुरू होई, त्या हद्दीवर जागोजाग जकातीच्या चौक्या बांधायच्या होत्या. नमुना वरून मंजूर होऊन आलेला. दोन खोल्या, पुढे ओसरी, खिडकीला गज. तो नमुना पारदर्शक कापडावर जसाच्या तसा उतरवायचा आणि खाली गावाचं नाव घालायचं. पहिल्या वर्षात आश्रुबानं अशा सहा चौक्या काढल्या.

सातवी जवळच्या कडा गावची. तिथं जागा पाहायला गेला तेव्हा मालाच्या गाड्या तपासणीसाठी भर दुपारी रांगेत उभ्या होत्या. त्यानं नकाशात बाहेरच्या भिंतीला लागून एक साधं छप्पर आणि बैलांना पाण्याची एक डोणी वाढवली. मोहतमीमांनी लाल पेन्सिलीनं दोन्हीवर काट मारली. ते रागावले नाहीत. सावली दिली तर लोक तिथून उठणार नाहीत, एवढंच त्यांनी शांतपणे समजावून सांगितलं आणि पान पुढे केलं.

त्याच साली त्याचं लग्न झालं. कौशल्याबाई कड्याच्याच, शेतकऱ्याच्या घरातल्या. त्यांना अक्षरओळख नव्हती, पण ही भिंत, हे दार, ही पायरी असं त्यानं एकदा दाखवल्यावर त्या नकाशा वाचू लागल्या. बाजाराचा जुना कागद त्यानं उलगडला तेव्हा त्या त्यावर ओणव्या होऊन बराच वेळ पाहत राहिल्या.

"भाजीवाल्या बाया तुमी पार मधी बसवल्यात," त्या म्हणाल्या. "त्यान्ला दाराशीच बसू द्या. तान्ही पोरं असत्यात संगं, उठून जावं लागतंय."

मुंबईत इतक्या जणांनी तो कागद पाहिला होता, पण हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. आश्रुबानं पूर्वेची बाजू खोडून पुन्हा काढली.

आणि मग तो नकाशा कामाला येईल असं वाटायला लागलं. एकोणीसशे पंधरात अव्वल तालुकदार, म्हणजे जिल्ह्याचे साहेब, दौऱ्यावर आले. त्यांचा मुक्काम बाजारच्या दिवशीच पडला. धूळ पाहून त्यांनी सहज विचारलं, इथं काही करता येणार नाही का? मोहतमीमांनी आश्रुबाला पुढे केलं. साहेबांनी नकाशा पाहिला, हौदाबद्दल दोन प्रश्न विचारले आणि सगळे नकाशे तपशीलवार तयार करून वर पाठवायला सांगितलं. आश्रुबा पाच महिने त्या कामात बुडाला. प्रत्येक खांब, प्रत्येक पन्हळ, दाराचा प्रत्येक कोयंडा त्यानं काढला. कौशल्याबाई पुढे सांगायच्या की त्या पाच महिन्यांत ते जेवताना बोलायचे. एरवी बोलत नसत.

कागद हैदराबादला गेले आणि तिकडून काहीच आलं नाही. तो चौक्या काढत राहिला.

दुसऱ्या वर्षी दिनशाजींचं पत्र आलं. गुजरातेतल्या एका गावाचं मोठं काम त्यांच्याकडे आलं होतं. काम बाजाराचंच. तुझ्यासारखा माणूस हवा, दिवाळीपर्यंत ये, त्यानंतर टेबल रिकामं ठेवता येणार नाही, असं त्यांनी लिहिलं होतं. आश्रुबानं करारातून सुटका मागणारा अर्ज लिहिला. मोहतमीम म्हणाले, मी अडवणार नाही. पण जामीनदाराची लेखी संमती आण.

आष्टीहून धर्मापुरी बैलगाडीनं पाचसहा दिवसांची वाट. मोहनरावांनी त्याला आपल्या शेजारी पान वाढलं आणि हात धुऊन झाल्यावर सगळं ऐकून घेतलं.

"किती वर्सं राह्यली?"

"सात."

"तिथं कुणी तरास देतंय का? पगार अडवत्यात?"

"न्हाई मालक. तसं कायच न्हाई. पर तीन वर्सं झाली, मी एकच चौकी काढतोय. गावाचं नाव तेवढं बदलायचं."

मोहनराव उठले. मग त्यांनी आत जाऊन दोन कागद आणले. ते दोन अर्ज होते. एक गावातल्याच अर्जुनरावांच्या मुलाचा, पंडितचा; त्याला डॉक्टरी शिकायची होती. दुसरा पलीकडच्या वाडीतल्या एका पोराचा. दोघांनाही वजीफा हवा होता आणि दोघांच्याही मागे मोहनरावच उभे होते.

"बीडच्या कचेरीत मी तुझंच नाव सांगतो," ते म्हणाले. "म्हणतो, धर्मापुरीचा पोरगा शबुद पाळतो. तू मधीच सुटलास तर ह्ये कागद कोण उघडून बघंल?" त्यांनी टाक पुढे ओढला. "पर मी तुला बांधून ठिवणार न्हाई. आण तुझा कागद. तूच सांग, करू सही?"

त्यांनी नाही म्हटलं असतं तर आश्रुबा भांडला असता. वाटभर त्यानं भांडायची तयारी केली होती. पण मोहनराव खरंच सही करायला बसले होते, डोळ्यांत कसलाही डाव नव्हता. आश्रुबानं त्या दोन अर्जांवरची पोरांची ठळक, जपून काढलेली अक्षरं पाहिली. आपला कागद घडी करून त्यानं बंडीच्या खिशात घातला.

"राहू द्या, मालक," तो म्हणाला.

आईला, भिवराबाईंना, आनंद झाला. मुंबईपेक्षा आष्टी बरी, असं त्यांचं साधं गणित होतं. आश्रुबानं दिनशाजींना दोन ओळींचं पत्र धाडलं. पंडितला पुढे वजीफा मिळाला, तो डॉक्टरही झाला. आपल्या अर्जाची ही गोष्ट त्याला कुणी कधी सांगितली नाही.

बाजाराचे नकाशे एकोणीसशे सतरात परत आले. लढाईचे दिवस, पैसा नाही. वेष्टनावर दोनच शब्द लिहिले होते: दाखल दफ्तर. म्हणजे कपाटात ठेवून द्या. मोहतमीमांनी कपाटाची किल्ली आश्रुबाकडेच दिली आणि त्यानं ते स्वतः ठेवून दिले.

तीन वर्षांनी दुष्काळ पडला. लोकांना काम देऊन धान्य द्यायचं ठरलं आणि तयार नकाशे असतील ते काढा, असा हुकूम आला. मोहतमीमांना बाजाराची आठवण झाली. पण पडव्यांना दगड, चुना, लाकूड लागतं. दुष्काळी कामाला नुसती माणसांची मेहनत होती. म्हणून बाजारातला फक्त हौद खोदायचा असं ठरलं. आश्रुबानं सांगून पाहिलं की छपरंच नसतील तर या हौदात पाणी येणार कुठून? मोहतमीमांनी खिडकीतून बाहेर बोट केलं. कचेरीच्या भिंतीला टेकून कड्यापासूनची माणसं टोपल्या घेऊन बसली होती. आश्रुबानं कपाट उघडून हौदाचा कागद बाहेर काढला.

चारशे माणसं त्या खड्ड्यावर जगली. आश्रुबा रोज काठावर उभा राहून खोली मोजत होता. आपण आखलेल्या रेघांवर कुदळी पडताना तो पहिल्यांदाच पाहत होता, आणि खोदलं जातंय ते उपयोगाचं नाही हेही एकट्या त्यालाच ठाऊक होतं. पुढच्या पावसाळ्यात हौदात गुडघाभर गढूळ पाणी साचलं आणि पंधरा दिवसांत आटलं. गावातले लोक म्हणाले, मुंबईला शिकून आलेल्यानं खोदलाय. त्यांना काय सांगणार?

एकोणीसशे तेवीसमध्ये दहा वर्षं भरली. त्यानं सुटकेचा दाखला घेतला आणि नगरला जाऊन मुंबईची गाडी धरली. दिनशाजी वारले होते. त्यांचा मुलगा कचेरी चालवत होता; त्याला वडिलांच्या तोंडून ऐकलेलं आश्रुबाचं नाव आठवलं. त्यानं चहा मागवला, नकाशे काढायच्या मोठ्या दालनातून फिरवलं. सगळी कामं आता सिमेंट आणि लोखंडाची होती. कागदांवर भिंतींपेक्षा आकडेच जास्त होते, आणि आश्रुबाला ते हिशेब येत नव्हते. मुलगा भिडस्त होता. म्हणाला, नव्या मुलांबरोबर सुरुवात करा, हळूहळू येईल.

तेहेतीस वर्षांचा आश्रुबा वीस वर्षांच्या पोरांच्या रांगेत बसला. त्याला एका सिनेमागृहाच्या जिन्याचे कठडे उतरवायला दिले. दुसऱ्याचं काम, जसंच्या तसं. अकराव्या दिवशी तिथले मुख्य कारकून मागे येऊन थांबले आणि मनापासून म्हणाले, तुमची रेघ फार स्वच्छ आहे, नक्कल करायला असाच हात लागतो. संध्याकाळी आश्रुबानं पेटी भरली.

आष्टीला तो दारात उभा दिसला तेव्हा कौशल्याबाई ज्वारी निवडत होत्या.

"कशापायी आलात माघारी?"

"तिथंबी नक्कलच करायची हाय," तो म्हणाला. "ती हितं करतो."

त्यांनी सूप बाजूला ठेवलं आणि त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या केला. पुढच्या आठवड्यात कचेरीनं त्याला परत घेतलं. नव्या करारनाम्याची गरज कुणाला वाटली नाही. त्यालाही नाही. नोकरी संपेपर्यंत त्यानं तेवीस चौक्या काढल्या.

पेन्शन झाल्यावर कौशल्याबाईंचे भाऊ बबनराव त्याच्याकडे आले. कड्याला मळ्यात घर बांधायचं होतं. म्हणाले, दाजी, तुमाला पाहिजे तसं काढा, आमी मधी बोलणार न्हाई. जागा मोठी होती, दगड आणून टाकलेला होता, वरून मंजुरी लागणार नव्हती. आश्रुबानं नवा कागद फळीवर ताणून लावला. महिनाभर तो रोज सकाळी त्यापुढे बसे. काढी आणि पुसून टाकी. कौशल्याबाईंनी एकदा डोकावून पाहिलं तर कागदावर दोन खोल्या होत्या, पुढे ओसरी आणि खिडकीला गज. ते पाहिल्यावर त्या आत गेल्या. त्यानं मान वर केली नाही.

शेवटी त्यानं बबनरावांना सांगितलं की तुमची बहीण सांगेल तसं गवंड्याकडून बांधून घ्या. कौशल्याबाई कड्याला गेल्या. उन्हात उभ्या राहून त्यांनी चुन्याची फक्की टाकून जमिनीवरच घर आखलं. चूल कुठं, न्हाणी कुठं, जनावरं कुठं, धुरानं कुठून जायचं, सगळं. आश्रुबा त्यांच्या मागून चालत होता. एका कोपऱ्यात रेघ जरा वाकडी गेली होती. तो खाली बसला आणि दोरी ताणून ती त्यानं सरळ केली.