आमच्या शाळेतलं ऑक्सिडीकरण

शाळेतले किस्से गोळा करावे लागत नाहीत. खडूच्या धुळीसारखे ते आपोआप अंगावर बसतात, झटकले तरी. त्यात मी मुरबाड तालुक्यात, वैशाखरे गावाकडच्या शाळेत दहावीला सायन्स शिकवतो, आणि त्यातही ऑक्सिडीकरण-क्षपण! म्हणजे बोलायलाच नको.

*

लोखंड गंजतं हे दाखवायला मी खिळे मागितले. आमचे हेडमास्तर किन्हवलीचे, कामात चोख. शहापूरहून स्वतः घेऊन आले. महिनाभर पाण्यात ठेवले, तरी खिळे चकाचक!

"गंजतील कसे?" हेडमास्तर छाती काढून म्हणाले. "स्टीलचे आणलेत. शाळेसाठी मी हलका माल घेत नाही!"

*

शेवटी मी घरचे जुने खिळे आणले. ते झकास गंजले. परीक्षानळ्या खिडकीत मांडल्या. तेवढ्यात तपासणी आली आणि शाळेची रंगरंगोटी निघाली. सकाळी बघतो, तर खिळ्यांना चंदेरी रंग!

वर हेडमास्तरांनी मलाच झापलं. "साहेबांना काय गंज दाखवायचा होता?"

*

"इलेक्ट्रॉन देणाऱ्याचं ऑक्सिडीकरण, घेणाऱ्याचं क्षपण," मी वर्गात सांगितलं. "आहेरासारखं समजा. घेणारा नसेल तर देणारा देणार कोणाला?"

वर्गाला एकदम पटलं. आमच्याकडे हळदीला कोणाचा काय आहेर, ते माइकवर पुकारतात. त्यामुळे शंका आलीच.

"सर, इलेक्ट्रॉन देनाऱ्याचं नाव माइकवर नाय पुकारलं, तर दिला कशावरनं?"

*

मोरचुदाच्या पाण्यात खिळा बुडवला की त्यावर तांबं चढतं. हा प्रयोग मात्र चक्क यशस्वी झाला! त्याची शिक्षा दुसऱ्याच दिवशी मिळाली. एक पालक विळा, कोयता आणि कुदळ घेऊन दारात हजर.

"पोरगी बोलली, तुमी तांबं चढवता. ह्ये पन बुडवा. आन् कुदळ जरा दोनी बाजूनं, हा!"

*

सविता डोंगरावरच्या वाडीतली. पोरगी हुशार, पण लेखी पेपर समोर आला की तिला घाम फुटायचा. तोंडी परीक्षेत चांगले मार्क पडले, तरच सायन्समध्ये निभाव लागणार होता. तिला मुरबाडला अकरावी सायन्सलाच जायचं होतं. मी तिच्यापेक्षा जास्त घाबरलो होतो.

परीक्षक शहरातून आलेले. त्यांनी पुस्तकातलाच प्रश्न विचारला, "कापलेलं सफरचंद तासभर उघड्यावर ठेवलं, तर काय होईल?"

हवेतल्या ऑक्सिजनमुळे तपकिरी पडेल, एवढंच म्हणायचं होतं. मी मनातल्या मनात ओरडत होतो. सविता विचारात पडली.

"सर, तासभर उरेल कशाला?"

परीक्षकांच्या कपाळावर आठ्या. "समज, कोणी खाल्लंच नाही. मग?"

"मग ते आधीच नासलेलं असनार, सर!"

परीक्षक डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले आणि पैकीच्या पैकी मार्क देऊन मोकळे झाले.