छातीचा फोटो

एका गाडीतून तीन माणसं दोन वर्षं गावोगाव हिंडली, की किस्से आपोआप साठतात. साठच्या दशकात पालघरच्या गावांमधून आमची क्षयतपासणीची गाडी फिरायची. गाडीत डॉक्टरबाई, ड्रायव्हर गणूमामा आणि एक्स-रे काढणारा मी.

*

पालघरजवळच्या माहीमला एका कोळणीला मी गळ्यातलं काढायला सांगितलं. ती म्हणाली, "घरधनी दर्यावर हाय. तो येईपर्यंत गळा मोकळा नाय करनार."

मी नियम सांगू लागलो. डॉक्टरबाई म्हणाल्या, "मंगळसूत्र वर घे आणि दातांत धर." फोटो स्वच्छ आला. पुढे सगळीकडे आम्ही तसंच केलं.

*

डोंगरपाड्यांवर लोकांना वाटायचं, मशीन अंगातलं बळ ओढून घेतं. म्हणून गणूमामा प्रत्येक पाड्यावर आधी स्वतः उभे राहायचे. डॉक्टरबाईंना कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मामा, ही किरणं रोज रोज अंगावर घ्यायची नसतात."

त्यानंतर मी मशीन बंद ठेवूनच मामांचा 'फोटो' काढायचो. लोक निर्धास्त पुढे यायचे. आम्ही त्यांना फसवलं का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

*

तारापूरला तेव्हा मोठं बांधकाम चाललं होतं. छाती साफ असल्याचा कागद दाखवला, तरच एक मुकादम मजुराला कामावर घ्यायचा. भिवा नावाच्या मजुराने फोटो काढला. दुसऱ्या दिवशी तोच डोक्याला फडकं बांधून आला आणि नाव सांगितलं लक्ष्मण, भिवाचा भाऊ. मला ओळखू आला नाही. पण डॉक्टरबाईंनी दोन्ही फिल्म उजेडात धरल्या आणि त्याला बोलावून घेतलं.

"दोघा भावांची एकच बरगडी मोडली होती का रे?"

"व्हय. एकाच ताडावरून पडलो."

बाईंनी दोन्ही फिल्म त्याच्यापुढे धरल्या. मग तो हळूच म्हणाला, "भावाला खोकला हाय, बाय. रगत पडतं. त्याला कोण कामावर घेनार?"

"उद्या त्याला घेऊन ये. मुकादमाला मी काही कळू देणार नाही."

सकाळी भिवा लक्ष्मणला पाठुंगळीवर घेऊन आला. इंजेक्शनं, गोळ्या वर्षाहून अधिक चालल्या. तेवढे दिवस भिवाने एकट्याने काम केलं आणि दोन घरं चालवली.

मग लक्ष्मण स्वतः चालत तपासणीला आला. मी त्याला मशीनपुढे उभं केलं. "मोठा श्वास घे. धरून ठेव."

फोटो निघाला. "सोड आता," मी म्हटलं. त्याने सोडला नाही. छाती भरून तसाच उभा राहिला. मग सावकाश सोडला आणि माझ्याकडे वळला.

"दादा, आजून एकदा घेऊ?"